पूच्चांडीचा घास

साईप्रिया जेवत नसे, इथून या सगळ्याची सुरुवात झाली. तीन वर्षांची पोर, पण भाताचा घास गालात धरून अर्धा तास बसून राहण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तंजावरला बापाजवळ असताना ती निदान पोटभर जेवायची. तिथं बाप-लेक एकाच ताटात बसत. एक घास तिला, एक अप्पाला, आणि अप्पानं आपला घास गिळल्याशिवाय ही पुढचा घेत नसे. पण वर्षा दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी पापनाशमला आली, येताना लेकीला घेऊन आली, आणि भरवण्याचं काम तिच्या आईच्या, नागलक्ष्मीबाईंच्या हाती गेलं.

बाईंना एका ताटातली ही थेरं पसंत नव्हती. त्यांची रीत जुनी आणि हमखास. समोर रामस्वामींचं घर अर्धवट बांधून पडलं होतं, आणि बांधकामाला दृष्ट लागू नये म्हणून तिकडे सगळेच टांगतात तसा राक्षसाचा मुखवटा त्यावर टांगला होता. काळाकुट्ट चेहरा, बटबटीत डोळे, लोंबणारी लाल जीभ. बाई नातीला घेऊन ओट्यावर बसत, दहीभात कालवत आणि समोर बोट दाखवत. "बघ, पूच्चांडी बघतोय. काळा पूच्चांडी. जेवलीं नाहींस तर पोत्यांत घालून नेईल." पूच्चांडी म्हणजे तमिळ मुलखातला बागुलबुवा. जेवणाच्या वेळी तो घरोघर हजर असतो. पोर डोळे गच्च मिटून तोंड उघडायची, की घास आत.

काही दिवसांनी पोरीच्या लक्षात आलं, की मुखवटा जागचा हलत नाही. मग बाई रस्त्यानं जाणारी माणसं दाखवू लागल्या. खताची पोती उतरवणारे हमाल, उसाचा रसवाला. अट एकच, माणूस काळा हवा. आणि एका रविवारी दुपारी त्यांनी स्वतःचा जावई, अमरसिंह, दाखवला.

अमरसिंहचा बाप दाऊदी टांझानियाहून शेतकीचं शिकायला तंजावरजवळ ओरत्तनाडूला आला, आणि शिकून झाल्यावर परत गेला नाही. हिराबाई नावाच्या एका मराठी नर्सशी त्यानं लग्न केलं, तंजावरात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान काढलं, तमिळ शिकला, बायकोची मराठीही शिकला, आणि तीन वर्षांपूर्वी त्याच गावात वारला. दुकान आता अमरसिंह चालवत होता. रंग बापाचा, नाक आईचं. केसांना आईनं वीस वर्षं तेल चोपडलं, तरी ते काही बसले नाहीत. दुकानात येणारे शेतकरी विचारत, कुठल्या देशाचा रे तू? मराठी लग्नांत फोटो काढताना त्याला मागच्या रांगेत उभं करत, उंच आहे म्हणून. तो उंच होता हे खरं. पण त्याच्याहून उंच माणसं पुढच्या रांगेत खुर्चीवर बसलेली असत, हेही खरंच.

लहानपणी तो मारामाऱ्या फार करायचा. शाळेतून घरी येताना आठवड्यातून एकदा तरी ओठ फुटलेला असायचा, दुसऱ्याचा किंवा स्वतःचा. तेव्हा दाऊदीनं त्याला एकदा जवळ बसवून सांगितलं होतं, "तीन वर्षांचं पोर माझे केस ओढून पाहतं आणि खूश होतं. सहा वर्षांचं झालं की हसतं. दहाव्या वर्षी दगड मारतं. मधल्या वर्षांत त्याच्या घरी काहीतरी शिकवणी होते. तू त्या पोराला मारून काय करणार?" तेव्हा ते त्याला पटलं नव्हतं. पटलं ते वर्षाशी लग्न ठरल्यावर. मग त्यानं हात आवरला आणि हसायला शिकला. नागलक्ष्मीबाईंनी लग्नाला पाऊल टाकलं नाही, तरी तो हसला. नात झाल्यावर त्या दवाखान्यात आल्या, आणि मुलगा की मुलगी हे विचारण्याआधी दुपटं बाजूला सारून त्यांनी रंग पाहिला. पोर वर्षावर गेली होती, केतकीसारखी गोरी. मग त्या बसल्या, पाणी प्यायल्या. तो तेव्हाही हसला. एकदा त्यांच्या विहिरीची मोटार दुरुस्त करताना शेजारणीनं विचारलं, हा कोण? बाई म्हणाल्या, मेकॅनिक. पाना हातात घेऊन तो तेव्हाही हसला. पाच वर्षांत बाई त्याच्याशी थेट एक शब्द बोलल्या नव्हत्या. जे काही असेल ते, "वर्षा, त्यांस सांग."

शिवाय या बाईंना आपल्या अस्सल, निर्भेळ मराठी रक्ताचा भारी अभिमान. तो त्या शेजारपाजारच्या बायकांना अस्खलित तमिळमध्ये सांगत.

तर त्या रविवारी अमरसिंह हेल्मेट काढत ओट्याशी आला. बाई भात भरवत होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि सहज, अगदी सहज म्हणाल्या, "आला बघ. पूच्चांडी आला."

साईप्रियानं बापाकडे पाहिलं. डोळे मिटले. तोंड उघडलं. घास गिळला.

बाई खुदकन हसल्या. "वर्षा, त्यांस सांग, रोज बाराला येत जा म्हणावं. पोर पोटभर जेवेल."

अमरसिंहही हसला. सवयीनं. हसत हसतच त्यानं हात पुढं केले आणि लाडानं हाक मारली, "कण्णा, ये. अप्पा आहें." पोर आजीच्या पदरात शिरली, आणि ओट्याच्या लाल फरशीवर तिच्या फ्रॉकखालून ओल पसरत गेली. भीतीनं ती बसल्या जागी मुतली होती. तेव्हा त्याचं हसणं थांबलं, आणि त्यानंतर बरेच दिवस ते परत आलं नाही.

आत वर्षा बाळाला घेऊन पडली होती. मुलगा झाला होता, आणि हा मात्र बापावर गेला होता. रंगही तोच, केसही तेच, घट्ट कुरळे. खोलीत मुगाच्या पिठाचा वास कोंदला होता. बाई रोज नातवाला मुगाचं पीठ लावून चोळत, दोन वेळा. कोवळ्या पाठीवर रेघा उठल्या होत्या, खांद्याजवळ साल निघालं होतं. अमरसिंहनं तिथं बोट ठेवलं, तसं बाळ किंचाळलं.

"किती वेळा सांगितलें," वर्षा म्हणाली. "आई म्हणते, रंग निवळेल. तुम्ही साईला घेऊन जा. हिराबाईंजवळ राहूं दे थोडे दिवस. माझे टांके सुकले कीं आम्हीं दोघं पण येतों."

"ती मला भिते, वर्षा."

"म्हणूनच न्या. अजून नवं आहें. अजून निघेल."

त्याच्याही मनात तेच होतं. लेक त्याची राहिली नव्हती. आता लवकर परत मिळवली तर मिळेल, नाहीतर ती सहा वर्षांची होईल, दहा वर्षांची होईल. आणि तिच्यामागून हा चिमुकला, ज्याला तर आरशातच पूच्चांडी दिसेल.

बाईंनी वर्षामार्फत कळवलं, की पोर तुमची आहे, न्या. वर्षाच्या जुन्या साडीनं त्यानं साईप्रियाला पोटाशी बांधलं, दोन गाठी मारल्या आणि मोटारसायकल सुरू केली. पोरीनं जो टाहो फोडला, तो गल्लीच्या टोकापर्यंत लोक बाहेर येऊन ऐकत होते.

त्या आठवड्यात सगळ्यांच्या फोनवर एक व्हिडिओ फिरत होता. कुठल्या देशातला, कशाचा, देव जाणे. खाली लिहिलं होतं, उत्तरेकडून पोरं पळवणारी टोळी आली आहे, उंच आहेत, काळे आहेत, हिंदी बोलतात, सावध राहा. अमरसिंहलाही तो तिघांनी पाठवला होता. त्यानं पुसून टाकला आणि विसरला.

पापनाशम आणि तंजावर यांच्यामध्ये एक गाव लागतं. नाव सांगत नाही, तिथं आजही माणसंच राहतात. तिथं येईतो साईप्रिया रडून रडून ओकली. दहीभात सगळा त्याच्या शर्टावर. चहाच्या टपरीशी त्यानं गाडी लावली, गाठी सोडल्या आणि तोंड धुवायला पाणी मागितलं. तेवढ्यात पोर निसटली, आणि केळी विकायला बसलेल्या एका बाईच्या पायांना जाऊन बिलगली. "पूच्चांडी," ती ओरडत होती, "पूच्चांडी नेतो."

बाईनं तिला उचलली. बाकावरचे लोक उठून उभे राहिले.

खांद्यावर पंचा टाकलेला एक दांडगा माणूस पुढं आला. "कुणाचं मूल?"

"माझं," अमरसिंह म्हणाला.

कुणीतरी हसलं. पंचावाल्यानं पोरीचा हात धरला, अमरसिंहचा हात धरला, आणि दोन्ही हात शेजारी शेजारी धरून सगळ्यांना दाखवले. बाजारात दोन दाणे शेजारी ठेवून भेसळ दाखवतात तसे. "याचं म्हणे."

"मी तंजावरचा आहे," अमरसिंह तमिळमध्ये म्हणाला. त्याची तमिळ त्यांच्याइतकीच त्या मातीतली होती. "मोटारींचं दुकान आहे माझं. बायको पापनाशमला माहेरी आहे. फोन लावतो." पण पोर किंचाळतच होती. आणि तिला शांत करायला म्हणून त्यानं तेच केलं जे त्याच्या घरात कुणीही केलं असतं. तो घरच्या भाषेत बोलला. "साई, ये गे. भिऊं नको. बैस माझ्याजवळ. अप्पा आहें मी."

"हिंदी," गर्दीतून आवाज आला. "ऐकलंत? हिंदी बोलतोय."

"मराठी आहे ती. साडेतीनशे वर्षं इथं..." पण साडेतीनशे वर्षं ऐकायला कुणाला वेळ होता? त्यानं खिशातून लायसन काढून दिलं. पंचावाल्यानं नाव मोठ्यानं वाचलं. अमरसिंह. "सिंग!" तो म्हणाला, आणि त्या एका शब्दानं उरलासुरला संशय फिटला. या नावाचा राजा तिथून अर्ध्या तासाच्या वाटेवर गादीवर बसून गेला होता, त्या गावची शेतं त्याच्या राज्यात होती. पण राजे मेले की त्यांची नावं परकी होतात, आणि फोनवरचा व्हिडिओ ताजा होता.

पंचावाला केळीवालीला म्हणाला, "पोरीला आत ने. दार लाव."

इथं अमरसिंहला पळता आलं असतं. गाडीची चावी गाडीलाच होती, मागचा रस्ता मोकळा होता. पण बाई त्याच्या लेकीला घेऊन एका दाराकडे चालली होती, आणि ते दार लागलं तर आपली पोर आपल्याला परत दिसायची नाही, एवढंच त्याला कळत होतं. तो तिच्या मागे धावला. पंचावाल्यानं त्याची कॉलर धरली. पाच वर्षं आवरलेला हात सुटला नाही, कारण दोन्ही दंड कुणीतरी मागून धरले होते. मग त्यानं डोकं मारलं. पंचावाल्याच्या नाकाचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

त्यानंतर कुणी काही विचारलं नाही.

पहिला फटका कानशिलावर बसला, सुरूच्या काठीचा, आणि त्या बाजूचं जग मुकं झालं. दुसरा गुडघ्यामागे. तो खाली कोसळला. मग लाथा सुरू झाल्या, चपलांच्या, बुटांच्या, अनवाणी. बरगड्यांवर, मांड्यांवर, जिथं सापडेल तिथं. कुणीतरी सायकलची चेन आणली, आणि ती पाठीवरून फिरली तेव्हा शर्टाबरोबर कातडं गेलं. त्यानं हातांनी डोकं झाकलं, तर त्यांनी हात खेचून काढले. एक टाच तोंडावर आली आणि पुढचे दोन दात जिभेवर येऊन पडले. ते त्यानं गिळले की थुंकले, हे त्याला नंतर कधी आठवलं नाही. तो सांगत राहिला, माझी पोर आहे, माझी पोर आहे, पण दातांशिवाय ते शब्द कुणाला समजणार? वासराचं दावं सोडून आणलं आणि त्याला विजेच्या सिमेंटच्या खांबाला बांधलं. मग निवांतपणे, पाळीपाळीनं मारलं. एवढ्या मोठ्या अंगावर प्रत्येकाला जागा मिळाली.

आणि मारणारे कोण होते? निम्म्याहून अधिक त्याच्याच रंगाचे. दोघं-तिघं त्याच्याहून काळे. उन्हातान्हात कावेरीच्या पाण्यात भातलावणी करणारी माणसं, यांना का कुणी केतकी म्हणणार होतं? पण काळा म्हणून मारायला गोरं असावं लागत नाही. कुणीतरी आपल्याला ते शिकवलेलं असलं, की पुरतं.

एक बाप आपल्या छोट्या मुलीला खांद्यावर घेऊन तमाशा दाखवायला आला. त्यानं खाली वाकून एक खडा उचलला, तिच्या मुठीत दिला, आणि मार म्हणाला. तिनं मारला. तो कुठंच लागला नाही. बाप कौतुकानं हसला आणि त्यानं दुसरा दिला. दाऊदी म्हणाला होता ती शिकवणी ही अशी असते, हे अमरसिंहनं उघड्या राहिलेल्या एका डोळ्यानं पाहिलं.

तरीही त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं. ते दार लागलं नव्हतं. केळीवाली दारातच बसली होती, साईप्रियाला मांडीवर घेऊन. बाई वाईट नव्हती. पोर ओकून रिकामी झाली आहे, म्हणून तिनं आतून ताटलीत भात आणला होता, वर ताक घातलं होतं. घास पुढं केला. साईप्रियानं मान फिरवली. पुन्हा पुढं केला. पुन्हा मान फिरली. तेव्हा त्या बाईनं तेच केलं जे तिच्या आईनं केलं होतं, आईच्या आईनं केलं होतं. तिनं खांबाकडे बोट दाखवलं. "बघ पूच्चांडी. कसा बांधून ठेवलाय. खा, नाहीतर सुटून येईल."

साईप्रियानं खांबाकडे पाहिलं. बापाकडे. तिनं त्याला ओळखलं होतं की नाही, हे कसं सांगावं? चेहरा ओळखण्यासारखा उरलाच नव्हता.

तिनं डोळे मिटले, तोंड उघडलं आणि घास गिळला.

तोवर अमरसिंह रडला नव्हता. आता रडला. काठी बसेल तशी बसत होती, पण ती आता दुसऱ्याच कुणाला तरी लागत होती.

त्याचा फोन पंचावाल्याच्या हातात वाजत होता. वर्षाचा होता. त्यानं उचलला, पलीकडची बाई "हॅलो, अहो, पोहोंचलां काय" म्हणाली, ते त्याला हिंदी वाटलं, आणि त्यानं तिला चार घाणेरड्या शिव्या घातल्या. वर्षानं लगेच तमिळ धरली. तो माझा नवरा आहे, तुमच्या पाया पडते, कुठलं गाव ते सांगा. पंचावाला रक्ताळलेल्या नाकानं हसला. "टोळीतली बाईपण सापडली," तो म्हणाला आणि गावाचं नाव सांगितलं. "ये. तुलाही बांधतो."

वर्षाचे टाके ओले होते. उठायला गेली आणि खाली बसली. मग ती आईकडे वळली. काय म्हणाली, हे अमरसिंहला पुढं कळलं. ती म्हणाली होती, "तूं जा. आणि जाऊन सांग तों कोण. नुसती बघून आलीस तर या घरांत मी नाहीं."

रिक्षा आली तेव्हा ऊन कललं होतं. नागलक्ष्मीबाई उतरल्या. घरच्याच सुती साडीत, कोपरापर्यंत हातांना मुगाचं पीठ वाळलेलं. बाळाला चोळता चोळताच उठून आल्या होत्या. गोरी, ठेंगणी, साठीची बाई, नाकात हिऱ्याची चमकी. गर्दीनं आपोआप वाट दिली. पिठाचे हात असलेल्या गोऱ्या बाईला कुणी टोळीवाली म्हणत नाही.

साईप्रिया "आजी" म्हणून धावली. बाईंनी तिला उचललं, आणि तेव्हा त्यांना खांब दिसला.

"अम्मा, हे पोर तुमचं?" पंचावाल्यानं आदरानं विचारलं.

"माझी नात."

"देवानंच वाचवली. हा तिला घेऊन पळत होता. याला ओळखता का?"

अमरसिंहनं डोकं उचललं. मान सरळ राहत नव्हती. आता ही म्हणेल मेकॅनिक, त्याला वाटलं, आणि मग हे मला मारून टाकतील. त्याला बाईंचा राग आला नाही. राग यायला अंगात जेवढं बळ लागतं, तेवढंही उरलं नव्हतं. बाईंचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. पाच वर्षं जो शब्द चारचौघांत एकदाही काढला नाही, तो असा ऐनवेळी थोडाच सापडतो? पंचावाल्यानं काठी पुन्हा उचलली.

"माझा जावई," बाई म्हणाल्या.

"भिऊन सांगू नका, अम्मा. आम्ही आहोत इथं."

"भिऊन नाही. माझ्या लेकीचा नवरा आहे. या पोरीचा बाप आहे. सोडा त्याला."

गर्दीत चुळबुळ झाली. पण ज्यांनी इतका वेळ इतकं मारलं होतं, त्यांना तो चोरच असायला हवा होता. तो बाप निघाला तर ते कोण ठरणार होते? पंचावाला चिडून म्हणाला, "बाप? मग ही पोर त्याला पूच्चांडी का म्हणते? बापाला बघून कुठलं मूल असं किंचाळतं? आम्ही सगळ्यांनी कानांनी ऐकलंय."

बाईंनी कडेवरच्या नातीकडे पाहिलं. मग आपल्या हातांकडे, पिठाकडे.

"मी शिकवलं," त्या म्हणाल्या. तमिळमध्येच, सगळ्यांना समजेल अशा मोठ्या आवाजात. "ही त्याच्या ताटात जेवत होती. त्याच्या मांडीवर निजत होती. तिला काही ठाऊक नव्हतं. काळा म्हणजे पूच्चांडी, हे मी शिकवलं. रोज, एकेका घासाबरोबर."

दारातल्या केळीवालीनं हातातली ताटली खाली ठेवली.

म्हणून सगळे लगेच शहाणे झाले असं मात्र नाही. बाई पुढं होऊन दाव्याची गाठ सोडू लागल्या, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, असल्याला पोरगी देतात, ही कसली माणसं, आणि काठी एकदा शेवटची खाली आली. ती अमरसिंहच्या डोक्यावर यायची होती. बाईंनी डावा हात वर केला. बांगड्या फुटल्या, मनगट फुटलं. बाई ओरडल्या नाहीत. मोडका हात लोंबत असताना ती गाठ त्या उजव्या हातानं सोडवत राहिल्या, सुटेपर्यंत. तेव्हा कुठं लोकांना घरची कामं आठवली. पोलीस आले तोवर बाकावर कुणी नव्हतं, टपरीवर फक्त चहा उकळत होता.

तंजावरच्या दवाखान्यात अमरसिंहच्या तीन बरगड्या, एक कान आणि डोक्याला पडलेले टाके यांचा हिशेब लागला. पोरीला हिराबाईंनी घरी नेलं. तिनं त्या दिवशी काही खाल्लं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. हिराबाई कुणालाही भीती दाखवत नसत, आणि भीती दाखवल्याशिवाय पोर आता तोंड उघडत नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी नागलक्ष्मीबाई डबा घेऊन आल्या. डावा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. हिराबाई साईप्रियाला घेऊन दारापाशी उभ्या होत्या. पोर आत यायला तयार नव्हती. बाईंनी कॉटशेजारी स्टुलावर डबा उघडला, दहीभात कालवला, सवयीनं घास केला आणि सवयीनं दाराकडे वळल्या.

साईप्रियानं कॉटकडे पाहिलं. सुजलेला, टाके घातलेला, काळा चेहरा. कुणी काही म्हणालं नव्हतं. बोट दाखवलं नव्हतं. तरी तिनं डोळे गच्च मिटले आणि तोंड उघडलं.

घास बाईंच्या हातातच राहिला. दाराकडे न्यावा, तर पोर गिळेल, पोटात अन्न जाईल. दोन दिवसांची उपाशी आहे. भाताची दोन शितं फरशीवर पडली. मग त्या वळल्या. कॉटकडे.

"तोंड उघडा," त्या अमरसिंहला म्हणाल्या. त्याच्याशी, मधे वर्षा नसताना.

त्याला तो घास थुंकावासा वाटला. खरोखर वाटला. त्या हाताला मुगाच्या पिठाचा वास येत होता, किंवा त्याला तसा भास झाला. बाळाच्या पाठीवरच्या रेघा आठवल्या, खांब आठवला, पाना हातात धरून हसणारा स्वतःचा चेहराही आठवला. या बाईला त्यानं माफ केलं नव्हतं, आणि करायचं की नाही हेही ठरवलं नव्हतं. पण दारात लेक उघडं तोंड घेऊन उभी होती, आणि तंजावरच्या घरी त्या दोघांचं एकच ताट होतं.

त्यानं टाके तटतटत तोंड उघडलं. दह्यातलं मीठ हिरड्यांच्या जखमांना आगीसारखं लागलं. डोळ्यांत पाणी आलं, तरी तो घास त्यानं हळूहळू, सगळा गिळला.

"अप्पाला एक," नागलक्ष्मीबाई म्हणाल्या. आवाज फाटला, म्हणून खाकरून पुन्हा म्हणाल्या, "अप्पाला एक झाला."

दारात साईप्रियानं वाट पाहिली. घास आला नाही. तिनं तोंड मिटलं आणि एक डोळा किलकिला करून पाहिलं. आजी कॉटपाशी होती, आणि पूच्चांडी जेवत होता. ती जवळ आली नाही. पण थोड्या वेळानं तिनं दुसराही डोळा उघडला.